फिलिपिनो लोकांची आडनावं स्पॅनिश असतात, मग ते मूळचे स्पॅनिश आहेत का?

नाही, बहुतेक जण अजिबात नाहीत. तुम्ही लिहिलंय की दुबईच्या ऑफिसात तुमच्यासोबत सांतोस, रेयेस, गार्सिया अशी मंडळी आहेत, चेहरेपट्टी आग्नेय आशियातली आणि स्पॅनिशचं एक धड वाक्य कुणाला येत नाही, मग ही आडनावं आली कुठून. मी मर्चंट नेव्हीत इंजिन रूमला आहे, कधीकधी अर्ध्याहून जास्त क्रू फिलिपिनो असतो, त्यामुळे क्रू लिस्ट बघून हा प्रश्न मलाही पडायचा. त्यांनाच विचारत गेलो आणि लांबच्या व्हॉयेजवर वेळच वेळ असतो म्हणून वाचतही गेलो.

एका वाक्यात सांगायचं तर ही आडनावं रक्तातून नाही, सरकारी हुकमातून आलीत, आणि त्या हुकमाला तारीख आहे, २१ नोव्हेंबर १८४९.

आधी थोडं मागे जाऊ. स्पेनने तिथे १५६५ पासून १८९८ पर्यंत राज्य केलं (देशाचं नावही त्यांच्या राजाचं, दुसऱ्या फिलिपचं, ते अजून तसंच आहे). पण एवढ्या वर्षांत तिथे राहायला गेलेले स्पॅनिश लोक कायम मूठभरच. सगळा कारभार माद्रिदहून नाही तर मेक्सिकोमार्गे चालायचा, आकापुल्को ते मनिला अशी गलबतं पॅसिफिक ओलांडून यायची, आणि जे स्पॅनिश येत ते बहुतेक मनिलाच्या तटबंदीच्या आतच राहत. खेड्यापाड्यात वर्षानुवर्षं एकच गोरा माणूस दिसायचा तो म्हणजे पाद्री, आणि तोच लोकांची भाषा शिकून प्रार्थना शिकवायचा, लोकांना स्पॅनिश शिकवायच्या भानगडीत फारसं कुणी पडलं नाही. त्यामुळे धर्म गेला घराघरात, भाषा मात्र वरच्या थरातच राहिली.

स्पॅनिश यायच्या आधी लोकांना एकच नाव असायचं, लापुलापु, हुमाबोन, सुलायमान अशी. बाप्तिस्मा सुरू झाल्यावर संतांची नावं आली आणि मागे काहीतरी धार्मिक शब्द जोडायची पद्धत पडली, दे ला क्रूझ, दे लोस सांतोस, देल रोसारिओ वगैरे. पण ते आपण म्हणतो तसं आडनाव नव्हतं, बापाकडून मुलाकडे जायलाच हवं असं काही नाही, सख्ख्या भावांची वेगवेगळी असू शकत आणि एकमेकांशी काही संबंध नसलेल्या हजारो माणसांचं एकच.

लोकांचं यात काही अडत नव्हतं, अडलं ते सरकारचं. नार्सिसो क्लावेरिया नावाचा गव्हर्नर-जनरल होता, त्याने प्रांतोप्रांती दौरा केला आणि त्याच्या लक्षात आलं की या घोळामुळे कराची वसुली, कोर्टकचेरी, पोलिस, सगळ्याचाच विचका होतोय. हुकमाच्या प्रस्तावनेत त्याने अजून एक कारण दिलंय जे मला फार इंटरेस्टिंग वाटलं. चर्चच्या वह्यांमधून कोण कुणाचा नातेवाईक हे कळत नाही, त्यामुळे लग्न ठरवताना जवळचं नातं आहे की नाही हे सिद्धच करता येत नाही. म्हणजे महसूल आणि चर्च दोघांनाही वही नीट हवी होती. (हा माणूस वह्या नीट करण्याच्या बाबतीत भयंकरच होता. मेक्सिकोमार्गे कारभार असल्यामुळे फिलिपिन्स कॅलेंडरमध्ये शेजारच्या देशांपेक्षा एक दिवस मागे होतं, तर याने ३१ डिसेंबर १८४४ हा दिवसच रद्द केला. सोमवारी ३० तारखेला लोक झोपले ते बुधवारी १ जानेवारीला उठले!)

मग आडनावांचा कॅटलॉग छापला, साधारण ६१ हजार आडनावं, अकारविल्हे. त्यात स्पॅनिश आडनावं होती, पाद्र्यांनी गोळा केलेली देशी आडनावं होती, आणि तरी कमी पडतील म्हणून झाडं, खनिजं, गावं, कला यांच्यावरून घेतलेले शब्दही घातले. या कॅटलॉगची पानं प्रांतांना पाठवली, प्रांताच्या अधिकाऱ्याने ती गावांना वाटली, आणि गावात पाद्री, वस्तीचा मुखिया आणि दोन शहाणीसुरती माणसं यांच्यासमोर एकेका घरातल्या कर्त्या माणसाने यायचं आणि आपल्या वाट्याच्या पानातलं एक आडनाव उचलायचं. तेच मग बायकापोरांना लागू. शाळामास्तरांनाही हुकूम होता की मुलांची नावं आडनावासकट रजिस्टरला लिहा आणि मुलांनी एकमेकांना त्याच आडनावाने ओळखलं पाहिजे, नाहीतर मास्तरला शिक्षा. मला हे वाचून हसूही आलं आणि जरा अंगावर काटाही आला, कारण मोठी माणसं जुनं नाव विसरणार नाहीत, पोरं विसरतील, हे त्या कारकुनी डोक्याला बरोबर कळलं होतं.

पानं गावागावांत वाटल्यामुळे एक मजा झाली. एका गावाला एकच अक्षर आलं. बिकोल भागात आल्बाय प्रांतात हे अजून दिसतं, तिथे ओआस नावाचं गाव आहे, तिथली जुनी घराणी बघाल तर आडनावं आर अक्षराने सुरू होणारी. त्या काळच्या आल्बायमध्ये मुख्य गावाला ए, किनाऱ्याने पुढे बी, सी असं करत करत शेवटची अक्षरं कातांदुआनेस बेटापर्यंत पोचली. आपल्याकडे चिपळूणकर म्हटलं की गाव कळतं, तसं त्यांच्याकडे जाणकार माणूस पहिल्या अक्षरावरून अंदाज बांधतो, फरक एवढाच की आपलं गावाने दिलेलं आणि त्यांचं कचेरीने दिलेलं.

आता सगळ्यांनीच मुकाट ऐकलं असं नाही. हुकमात लिहिलं होतं की चार पिढ्या एकच आडनाव चालत आलंय हे सिद्ध केलं तर ते ठेवा, पण दे ला क्रूझ आणि दे लोस सांतोस सोडून, ती फार झालीत. आणि आज बघा, देला क्रूझ एवढं झालंय की तिकडे सामान्य माणसाला हुआन देला क्रूझच म्हणतात. लाकांदुलासारख्या जुन्या सरदार घराण्यांना सूट मिळाली. दक्षिणेत मिंदानाओ-सुलूचे मुसलमान आणि उत्तरेला कोर्दिलेराच्या डोंगरातले लोक स्पेनच्या हाताला नीट लागलेच नव्हते, त्यामुळे त्यांची नावं वेगळीच राहिली. आणि ज्या मॅगसेसे पुरस्काराचं नाव आपण विनोबांपासून बाबा आमट्यांपर्यंत ऐकत आलोय ते राष्ट्राध्यक्ष रामोन मॅगसेसे, त्यांचं आडनावसुद्धा अस्सल तागालोग, म्हणजे मनिलाकडच्या देशी भाषेतलं.

फ्रान्सिस्को बालाग्तास हा तागालोगमधला फार मोठा कवी, तो या हुकमाने साठीत बाल्ताझार झाला. आज मात्र मनिलाजवळ त्याच्या जन्मगावाचंच नाव बालाग्तास आहे, म्हणजे ती बाजी शेवटी त्यानेच मारली म्हणायची.

पण खरी गोष्ट होसे रिझालची. फिलिपिन्सचा राष्ट्रपुरुष, डॉक्टर आणि लेखक. त्याचा खापरपणजोबा वगैरे कुणीतरी चीनहून आलेला, दोमिंगो लामको नावाचा, त्याने १७३१ मध्ये मेर्कादो हे स्पॅनिश आडनाव घेतलं होतं. १८४९ नंतर घराण्याला रिझाल आडनाव मिळालं पण होसेचे वडील व्यवहारात मेर्कादोच लावत राहिले. पुढे १८७२ मध्ये बंडाच्या आरोपाखाली तीन फिलिपिनो पाद्र्यांना जाहीर मृत्युदंड दिला, त्यातले फादर बुर्गोस हे होसेच्या मोठ्या भावाचे, पासियानोचे, अगदी जवळचे. मेर्कादो नाव सरकारच्या डोळ्यावर आलं. मग धाकट्याला मनिलाच्या शाळेत घालताना रिझाल हे नाव लावलं, म्हणजे सरकारनेच दिलेलं नाव सरकारपासून वाचायला वापरलं! आणि याच नावाने त्याने अशा कादंबऱ्या लिहिल्या की पाद्री आणि सरकार दोघंही खवळले आणि ३० डिसेंबर १८९६ ला मनिलात त्याला गोळ्या घातल्या. त्याच्या चारच महिने आधी, ऑगस्टमध्ये, बोनिफासिओच्या क्रांतिकारकांनी बंडाची सुरुवात केली ती आपापल्या सेदुला टराटरा फाडून. सेदुला म्हणजे कर भरल्याची आणि ओळखीची पावती, ज्यावर हीच नोंदवलेली आडनावं. पावत्या फाडल्या, आडनावं मात्र कुणी टाकली नाहीत, तोपर्यंत ती त्यांचीच झाली होती.

गोव्याशी तुलना कुणीतरी कमेंटमध्ये करेलच म्हणून आधीच सांगतो. गोव्यात डिसोझा, फर्नांडिस ही नावं बाप्तिस्म्याबरोबर आली, बऱ्याचदा पाद्र्याचं किंवा गॉडफादरचं आडनाव. फिलिपिन्समध्ये लोक कॅथलिक होऊन अडीचशेच्या वर वर्षं झाली होती आणि मग आडनाव आलं. त्यामुळे दोन्हीकडे वसाहतीचा शिक्का असला तरी एकीकडे तो धर्मांतराचा आहे आणि दुसरीकडे महसूल खात्याचा.

स्पेन गेल्यावर १८९८ च्या करारात अमेरिकेने दोन कोटी डॉलर देऊन देश ताब्यात घेतला, १८९९ पासून फिलिपिनो लोकांशी मोठी लढाई केली आणि १९०१ मध्ये जहाजभर शिक्षक आणून इंग्रजी शाळा काढल्या. म्हणून तुमच्या ऑफिसातल्यांची पहिली नावं मार्क, जेनिफर, जॉन अशी आणि इंग्रजी फर्राटेदार. घरात मात्र बोंग, जुन, नोयनोय. सध्याचे राष्ट्राध्यक्ष मार्कोस ज्युनियर यांना अख्खा देश बोंगबोंग म्हणतो आणि माजी उपराष्ट्राध्यक्ष बिनाय यांचं नाव जेजोमार, म्हणजे जीझस, जोसेफ आणि मेरी एकत्र.

आणि हो, एचआरचे फॉर्म भरत असाल तर एक लक्षात ठेवा, त्यांच्याकडे मिडल नेम म्हणजे वडिलांचं नाव नाही, आईचं माहेरचं आडनाव. राष्ट्राध्यक्ष कोराझोन आकिनो माहेरच्या कोहुआंको, तर त्यांच्या मुलाचं नाव बेनिग्नो कोहुआंको आकिनो. आपल्या सवयीने मधलं नाव वडिलांच्या रकान्यात टाकलंत तर कागदोपत्री आजोबा बाप होऊन बसतात, आमच्या क्रू लिस्टवर हे होताना मी पाहिलंय.