तीन आठवड्यांचा लंडनचा अकाउंटिंग कोर्स करावा का?

प्रश्न: मी पुण्यात एसवायबीकॉमला आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या समर स्कूलमधे तीन आठवड्यांचा अकाउंटिंगचा कोर्स करायचाय, बाबा म्हणतात एवढ्यात काय शिकणार. जाऊ का?

उत्तर: बाबांची काळजी खरीय गं, खर्च मोठा आहे. पण इथे अख्ख्या सेमिस्टरचा पोर्शन तीन आठवड्यात संपवतात, रोज लेक्चर, रोज वाचन आणि शेवटी परीक्षा, त्यामुळे फिरायला जायचंय असं मनात असेल तर आत्ताच विसर.

शिकण्यासारखं काय, तर बघ, कंपनीने भाड्याने द्यायला ५० लाखांचा गाळा घेतला, आता त्याची किंमत ८० लाख झाली. आयएएस ४० मधे (अशा मालमत्तेच्या हिशेबाचा आंतरराष्ट्रीय नियम) फेअर व्हॅल्यू, म्हणजे आजची बाजारातली किंमत, निवडली तर ते ३० लाख सरळ नफ्यात दिसतात, आपल्या इंड एएस ४० मधे (त्याचंच भारतीय रूप) मात्र कॉस्टच, म्हणजे खरेदीची किंमत, धरायची, फेअर व्हॅल्यू फक्त हिशेबाला जोडलेल्या नोट्समधे. एकच गाळा आणि नफा वेगळा! वेगवेगळ्या देशांतल्या मुलांशी यावर वाद घालताना जे डोक्यात बसतं ना, ते गाइड वाचून नाही बसत, म्हणून मला हा कोर्स मनापासून आवडतो.

व्हिसाचं म्हणशील तर सहा महिन्यांच्या आतल्या शिक्षणाला स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा चालतो, पण त्यावर नोकरी, पार्टटाइमसुद्धा, अजिबात नाही. आणि या कोर्सचे क्रेडिट्स पदवीत धरणार का हे तुझ्या कॉलेजकडून फी भरायच्या आधी लेखी घे, तोंडी नको.