फाइल आत घेतानाच घोळ : पुन्हा तेच प्रश्न

मी मेडिकल कॉलेजवाल्यांचा डेटा बघणारा माणूस. या वेळी आलेले प्रश्न वाचले तर टी-टेस्टपर्यंत (दोन गटांच्या सरासरीची तुलना) कुणी पोचलेलंच नाही, सगळे फाइल आर या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमधे घेतानाच अडकलेत. म्हणून हा अख्खा भाग त्यावरच.

वयाच्या कॉलमचा मीन (सरासरी) काढला की एनए (म्हणजे आकडा उपलब्ध नाही) येतं. डेटा नीट आहे. काय करू?

नीट नाहीये. कुठल्यातरी एका सेलमधे कुणीतरी "४५ वर्षे" नाहीतर "माहीत नाही" टाइप केलंय, आणि एका सेलपायी आर सगळा कॉलम कॅरेक्टर, म्हणजे नुसता मजकूर, धरतं. आधी एसटीआर फंक्शन चालवून बघा, कुठला कॉलम कशाचा धरलाय ते कळेल.

हिमोग्लोबिनचा कॉलम फॅक्टर दिसत होता, ॲज डॉट न्यूमेरिक (आकड्यात बदलणारं फंक्शन) लावलं तर आता सरासरी २३ येतेय!

ते हिमोग्लोबिन नाहीच. फॅक्टर म्हणजे गटांमधे मोडलेला कॉलम, त्यातल्या लेव्हलचे (गटांचे) नंबर आहेत ते. पहिली लेव्हल १, दुसरी २, असं. आधी ॲज डॉट कॅरेक्टर आणि मग न्यूमेरिक, हा क्रम पाळा. आर ४.०.० (एप्रिल २०२०) पासून रीड डॉट सीएसव्ही (फाइल वाचणारं फंक्शन) आपणहून फॅक्टर करत नाही, म्हणजे एकतर तुमचं व्हर्जन जुनं आहे किंवा सीनियरचा जुना कोड तसाच डकवलाय. २३ बघून तुम्हाला शंका आली हे नशीब, वजनाच्या कॉलमला असंच ४७ आलं असतं तर खपून गेलं असतं आणि थिसिसमधे छापलंही असतं. बाकीचे कॉलम एकदा डिपार्टमेंटच्या स्टॅटिस्टिशियनला दाखवा, एकच फॅक्टर झाला असेल असं वाटत नाही.

आशाताईंच्या रजिस्टरवरून एंट्री केली, आकडे देवनागरीत आहेत. आर सगळं एनए करतं.

करणारच. सीएचएआरटीआर फंक्शनने दहाच्या दहा अंक इंग्रजी करून घ्या, मग न्यूमेरिक. "१,२५,०००" असे स्वल्पविराम असतील तर तेही काढा.

ॲडमिशन आणि डिस्चार्जच्या तारखांवरून हॉस्पिटल स्टे काढला. काही पेशंटचा स्टे मायनस येतोय. मित्र म्हणाला आउटलायर (बाकीच्यांपासून फार लांबचा आकडा) म्हणून काढून टाक. चालेल का?

नाही चालणार, आणि त्या मित्राला पुढच्या वेळी चहा पाजून घरी पाठवा.

हे नीट वाचा, कारण दर वर्षी थिसिसच्या सीझनला हाच प्रश्न वेगवेगळ्या कपड्यात येतो. तुम्ही ०५/०३/२०२४ टाइप केलं, मनात ५ मार्च. कॉम्प्युटरची रीजन सेटिंग अमेरिकन असेल तर एक्सेलने ते मुकाट्याने ३ मे करून ठेवलं. डिस्चार्ज १४/०३/२०२४, आता चौदावा महिना कुठून आणणार, म्हणून ते टेक्स्ट म्हणून तसंच राहिलं आणि पुढे कुणीतरी ते बरोबर १४ मार्च वाचलं. ९ दिवसांचा पेशंट मायनस ५० वर गेला. हा तुम्हाला दिसला कारण मायनस आहे. पण २ मार्चला आलेला आणि ७ मार्चला घरी गेलेला पेशंट बघा, त्याच्या दोन्ही तारखा उलटल्या, ३ फेब्रुवारी ते ३ जुलै, ५ दिवसांचे १५१ झाले, आणि हा प्लस आहे म्हणून तो तुमच्या सरासरीत आरामात बसलाय. मायनसवाले काढले की फक्त पुरावा काढला जातो, रोग तसाच राहतो.

ओळखायचं कसं? एक्सेलमधे कॉलमची अलाइनमेंट कुणी हाताने बदलली नसेल तर ज्या तारखा डावीकडे चिकटलेल्या आहेत त्या टेक्स्ट, म्हणजे तुम्ही टाइप केल्या तशाच वाचलेल्या. उजवीकडच्या "छान" दिसणाऱ्या तारखांवर संशय घ्या. लोक नेमकं उलटं करतात, डावीकडच्या दुरुस्त करत बसतात.

आर मधे आणल्यावरही सुटका नाही. ॲज डॉट डेटला फॉरमॅट न सांगता ०५/०३/२०२४ दिलंत तर ते पहिला आकडा वर्ष समजतं, आणि उत्तर येतं सन ५, मार्चची २० तारीख. एरर नाही, वॉर्निंग नाही. म्हणून फॉरमॅट द्यायचाच: टक्का स्मॉल डी, स्लॅश, टक्का स्मॉल एम, स्लॅश, टक्का कॅपिटल वाय. कॅपिटल म्हणजे चार आकडी वर्ष. स्मॉल वाय म्हणजे दोन आकडी, आणि तिथे ०० ते ६८ हे २०००च्या शतकात जातात, म्हणजे ६५ साली जन्मलेले आजोबा २०६५ साली जन्माला येतील. आणि तारखेच्या जागी ४५३५६ असा आकडा आला तर तो एक्सेलचा दिवस-नंबर आहे, ओरिजिन ३० डिसेंबर १८९९ द्या, ५ मार्च २०२४ मिळेल. न देता आर वर सोडलंत तर ते १९७० पासून मोजतं आणि तुमचा पेशंट २०९४ साली ॲडमिट होतो. (३० डिसेंबरच का, तर एक्सेल १९०० हे लीप वर्ष धरतं, ती लोटस १-२-३ या जुन्या स्प्रेडशीट प्रोग्रॅमकडून वारशात आलेली चूक आहे.)

एक्सेलपुढे तर जेनेटिक्सवाल्यांनीही हात टेकले, मार्च-१ नावाच्या जीनची तारीख व्हायची म्हणून २०२० मधे नामकरण समितीने जीनचंच नाव बदललं, मार्चएफ-१ केलं. तेव्हा नुसतं "बघायला" म्हणून सीएसव्ही एक्सेलमधे उघडून सेव्ह करू नका. तुमच्या केसमधे मात्र आता कोडने सगळं सुटेलच असं नाही, मूळ केस पेपर काढा, निदान वीस-पंचवीस पेशंटच्या तारखा समोरासमोर ताडून बघा, आणि ती यादी घेऊन स्टॅटिस्टिशियनकडे जा. फोनवर नको, फाइल घेऊन.

सगळे म्हणतात पायथनमधे असला त्रास नाही. शिफ्ट होऊ का?

सगळे म्हणजे कोण? पांडाजमधेही (पायथनमधे डेटा हाताळायची लायब्ररी) तारीख वाचताना डे-फर्स्ट सांगितलं नाही तर महिनाच आधी धरला जातो, आणि पूर्णांकाच्या कॉलममधे एक सेल रिकामा राहिला की सगळ्यांना दशांश चिकटतात. शिकायचं तर जरूर शिका, पळून जायला म्हणून नको.

"डेटा क्लीनिंगसकट थिसिस ॲनालिसिस ३ दिवसांत, पी व्हॅल्यू गॅरंटीड" अशी जाहिरात आली. सबमिशन पुढच्या सोमवारी आहे.

पी व्हॅल्यूची (निकाल "सिग्निफिकंट" आहे का ते ठरवणाऱ्या आकड्याची) गॅरंटी देणारा माणूस तुमचा डेटा उघडणारसुद्धा नाही. आणि ९९ हा कोड तुम्ही "माहिती नाही" साठी टाकलाय की कुणी खरंच ९९ वर्षांच्या आजी आहेत, हे तो तीन दिवसांत कुणाला विचारणार? उत्तर फक्त तुम्हाला माहितीये. डेटा गोळा करायच्या आधी स्टॅटिस्टिशियनला भेटायचं असतं, दीड वर्ष होतं हातात. आता गाइडना आजच सांगा, मुदतवाढीचं विचारा. रागावतील, रागावू देत.

एनएफएचएस-५ (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी) चा डेटा घेतला, बायकांचं हिमोग्लोबिन ११२ वगैरे दिसतंय. फाइल करप्ट आहे का?

नाही. एक दशांश गृहीत धरलेला आहे, १० ने भागा, ११.२ होईल. भागायच्या आधी ९९४ आणि त्याच्या वरचे कोड काढा, ते हिमोग्लोबिन नसून "मोजलं नाही", "नकार" वगैरे आहेत. सॅम्पल वेटला (प्रत्येक नोंदीला सर्व्हेने दिलेलं वजन) दहा लाखांनी भागायचं. रीकोड मॅन्युअल (कोडचे अर्थ सांगणारी पुस्तिका) फाइलसोबतच असतं, ते उघडा, आणि वेट लावायची वेळ आली की सर्व्हे सॅम्पलिंग येणाऱ्या माणसाला शेजारी बसवा.