यान दमतं का?

प्रश्न: यानाचं त्वरण सतत 9.8 मीटर प्रति सेकंद वर्ग ठेवलं, तर वर्षभरात ते प्रकाशाचा वेग गाठायला हवं. तसं होत नाही, म्हणजे त्वरण घटत असणार. मग आतल्या माणसाला हळूहळू हलकं वाटू लागेल का? – बारावीची विद्यार्थिनी, डिचोली

उत्तर: नाही गो बाय. इंजिन तेवढाच रेटा देत असेल, तर पाठीला टेकलेली खुर्ची दहाव्या वर्षीही पहिल्या दिवसाइतकीच रेटेल. घटतं ते दुसरंच त्वरण.

पर्वरीच्या उतारावर कदंबा बसच्या ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला की उभी माणसं पुढच्याच्या पाठीवर जातात. खिडक्या बंद असल्या तरी हे कळतं. फोनमधला त्वरणमापकही हेच टिपतो. हे स्वकीय त्वरण. (टेबलावर पडलेला फोनही 9.8 दाखवतो, तो गुरुत्वाचा विषय, आज नको.) दुसरं त्वरण रस्त्याकडेला उभं राहून, आपल्या मोजपट्टीने आणि आपल्या घड्याळाने काढायचं. बसच्या वेगाला दोन्ही आकडे जुळतात, म्हणून पाठ्यपुस्तक एकाच शब्दावर भागवतं.

यानात ते जुळत नाहीत. सरळ रेषेत जाताना, आपण मोजलेलं त्वरण म्हणजे स्वकीय त्वरण भागिले गॅमाचा घन. (गॅमा हा सापेक्षतेतला गुणक: यान थांबलेलं असताना 1, वेग प्रकाशाच्या जवळ जाईल तसा वाढत जाणारा.) घन पाठ करू नकोस, तो येतो कुठून ते बघ. यान स्वतःच्या त्या क्षणीच्या चौकटीत (म्हणजे त्या क्षणी त्याच्याच वेगाने सोबत जाणाऱ्याच्या मोजमापात) वेगात जी भर घालतं, ती आपल्या चौकटीत आणताना सापेक्षतेतल्या वेगांच्या बेरजेच्या नियमाने गॅमाच्या वर्गाने आक्रसते. शिवाय यानाचा एक सेकंद आपल्या घड्याळात गॅमा सेकंदांचा. दोन आणि एक, तीन गॅमा.

यानाच्या घड्याळाने दोन वर्षं झाली की वेग प्रकाशाच्या सुमारे 97 टक्के आणि गॅमा जवळपास 4. आपल्याकडे तोवर पावणेचार वर्षं उलटलेली. आतला मापक 9.8 वरच, आणि आपल्या वहीत उरतात जेमतेम 0.15. विशेष सापेक्षतेत त्वरण बसत नाही असं कुणी वर्गात सांगितलं, तर हे गणित फळ्यावर मांडून दाखव.

वर्तुळात फिरताना मात्र घनाच्या जागी वर्ग येतो. सर्न या युरोपातल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत 7 मीटर त्रिज्येच्या कड्यात म्युऑन (इलेक्ट्रॉनचे जड भाऊबंद) फिरवले होते, गॅमा 29.3, निकाल 1977 साली आला. त्यांची दोन्ही त्वरणं काढ आणि पाठव. वेग प्रकाशाइतकाच धरलास तरी चालेल.