आधी विचार, एप्रिलचा पगार कोण देणार

तुझा मेसेज आला तेव्हा वाटलं होतं की दोन ओळींत उत्तर देऊन मोकळी होईन. तू विचारलंस, "मावशी, थायलंडच्या एका एजन्सीने इंग्रजी शिकवायची नोकरी देऊ केलीय. टुरिस्ट म्हणून या, कागद इथे करून देऊ म्हणतात. मालक बरा की वाईट, हे इंदूरात बसून कसं कळणार?" दोन ओळींत काही झालं नाही. त्यात माझं, इथे थायलंडमध्ये शिकवतानाचंही बरंच येणार आहे, ते सोसून घे.

व्हिसाचे प्रकार, फी, फोटोचा आकार हे सगळं दूतावासाच्या वेबसाइटवर आहे. ते मी सांगत नाही.

"टुरिस्ट म्हणून या" इथेच थांब. नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्या पासपोर्टवर फिरायला येताना थायलंडचा व्हिसा लागेनासा झाला आणि या एजन्सीवाल्यांचं फावलं. नोकरीसाठी जो नॉन-इमिग्रंट बी व्हिसा लागतो, त्याला शाळेला स्वतःची नोंदणी, नेमणुकीचं पत्र असे कागद आधी काढून द्यावे लागतात. ज्याला ते द्यायचे नाहीत, किंवा देता येत नाहीत, तो म्हणतो "या तर खरं, बघू." मग तू वर्गात शिकवतेस, कामाचं परमिट नाही, आणि केव्हातरी तुला रात्रीच्या बसमध्ये बसवून लाओसला पाठवतात. व्हिएन्तियान नाहीतर सवन्नाखेत. तिथून व्हिसा घेऊन परत यायचं, खर्च तुझा. तोवर पगार अर्धा दिला तरी तक्रार कुठे करणार? बेकायदा काम तूच करत असतेस ना! याहून वाईटही होतं. नोकरी म्हणून बँकॉकला बोलावून सीमेवरच्या मे सोत गावावरून म्यानमारमध्ये नेलेली, ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांत डांबलेली आपली मुलं मार्च २०२५ मध्ये हवाईदलाच्या विमानांनी परत आणली, ५०० हून जास्त. तुझी एजन्सी तसली असेल असं मी म्हणत नाही. पण विमानतळावर घ्यायला कोण येणार, कुठल्या गावाला नेणार, शाळेचं नाव काय, हे तिकिटाआधी लेखी आलंच पाहिजे. आणि त्या शाळेच्या ऑफिसात तू स्वतः फोन कर. एजन्सीने दिलेल्या नंबरवर नको, शाळेच्या पाटीवरच्या नंबरवर.

आता पगार. आकडा सगळे विचारतात. तू विचार, एप्रिलचा पगार कोण देणार? इथलं शाळेचं वर्ष मेच्या मध्याला सुरू होतं आणि मार्चमध्ये संपतं. एजन्सी करार करते दहा महिन्यांचा. खोलीचं भाडं मात्र बारा महिने. करारावर शाळेची सही आहे की एजन्सीची, तेही बघ. एजन्सीची असेल तर शाळा देते एक आणि तुझ्या हातात येतं दुसरं, मधलं किती कापलं हे तुला कोणी सांगणार नाही. करार दोन भाषांत असतो. शेवटी एक बारीक ओळ असते की वाद झाल्यास थाई मजकूर धरला जाईल. इंग्रजी पानावर प्रेमपत्र असलं तरी उपयोग शून्य. थाई पान तिऱ्हाइताकडून वाचून घे.

वर्क परमिट मालकाच्या नावाशी बांधलेलं असतं. त्यावर हुद्दा काय लिहिलाय ते बघ, "शिक्षक" की "समन्वयक" वगैरे काहीतरी. दुसरं असेल तर शिक्षकाचा परवाना काढायची त्यांची तयारी नाही, समज. नोकरी सुटली की राहण्याची मुदतही संपते. १,९०० बात (इथलं चलन) भरून सात दिवस मिळतात, सामान आवरायला. त्यानंतर रोज ५०० बात दंड, २०,००० पर्यंत. वाईट मालकाच्या हातातली वेसण ती हीच. त्याला ओरडावं लागत नाही, "मग मी इमिग्रेशनला कळवतो" एवढंच पुरतं. म्हणून पदवीचा मूळ कागद कुणाच्याही कपाटात ठेवू नकोस. दाखव, झेरॉक्सवर सही करून दे, परत पर्समध्ये.

कागदांवरून आठवलं. माझी पदवी माहेरच्या नावाची, पासपोर्ट सासरचा, आणि मधे एकदा वडिलांचं नाव, एकदा नवऱ्याचं. इथे कागद तपासणाऱ्या बाईंनी मला विचारलं की या तीन बायका कोण? त्याआधी पदवीवर शिक्के मिळवायला इंदूरला विद्यापीठाच्या आर.एन.टी. मार्गावरच्या खिडकीत "मैडम, कल आइए", मग भोपाळ, मग दिल्ली, मग दूतावास. लेकाच्या जन्मदाखल्यावर नगर निगमने त्याचं नावच घातलं नव्हतं, नुसतं "पुरुष". ते नाव चढवून आणण्यात माझ्या सासऱ्यांच्या चपला झिजल्या. तू नावाचं काम आत्ताच कर, लग्न ठरायच्या आधी. हसू नकोस.

पण मला खरं बोलायचंय ते वेगळंच. जाहिरातीत "नेटिव्ह स्पीकर" लिहिलेलं असतं. आपल्याकडून टोइक या इंग्रजीच्या परीक्षेचे ६०० गुण मागतात, इंग्रजीत एम.ए. असलीस तरी. तेही ठीक, परीक्षा देता येते. पण त्याच वर्गाला, तेच पुस्तक शिकवून, शेजारच्या गोऱ्या शिक्षकाला जास्त आणि मला व फिलिपिनो बाईंना कमी, हे आम्ही तिघांनी एकमेकांना पगार सांगितले तेव्हा कळलं. पहिल्या शाळेच्या संचालिका मला म्हणाल्या, "पालकांनी विचारलं तर तुम्ही कॅनडाच्या आहात असं सांगा." गोड बोलून, हात धरून.

ई-मेलमध्ये "शिक्षकांच्या मुलांना शिक्षण मोफत" असं होतं. थाई पानावर "चाचणीकाळानंतर, संस्थेच्या मर्जीनुसार" निघालं. लेकाचं एक अख्खं सत्र शिक्षक-खोलीत चित्रं रंगवण्यात गेलं, मी शेजारच्या वर्गात दुसऱ्यांच्या मुलांना एबीसी शिकवत असताना. मग जागा मिळाली, आणि पहिल्याच आठवड्यात याने वर्गात सांगितलं की आम्ही इंदूरचे. तिथल्या सराफा बाजारात रात्री खायला जातो, हेही सांगितलं. झालं! मला बोलावणं आलं, "मुलाला जरा समजावा." त्या रात्री मी त्याला म्हटलं, शाळेत कमी बोल. दुसरं काय म्हणणार होते? व्हिसा त्यांचा, खोली त्यांची. तो खरंच कमी बोलायला लागला. आता तो इंदूरला, लोकमान्य नगरात आजीकडे आहे. तिथल्या शाळेने हिंदी कच्ची म्हणून एक वर्ष मागे बसवला. मी आता चांगल्या शाळेत आहे, पगार बारा महिने येतो, मी भारतीय आहे हे दारावरच्या पाटीवर लिहिलंय. तो मात्र परत यायला तयार नाही, आणि मी नोकरी सोडून जायला. आमचं फोनवर क्रिकेटवर बोलणं होतं.

एकटेपणाचं तू विचारलंस. त्याची सवय होते. अनंत चतुर्दशीला इंदूरच्या झांक्यांचे, मिरवणुकीतल्या चित्ररथांचे, व्हिडिओ कोणी पाठवले तर उघडू नकोस, एवढंच.

तर आज त्या एजन्सीला इतकंच लिही: बी व्हिसाचे कागद शाळा आधी पाठवेल का, करारावर सही कोणाची, भारतीय पासपोर्ट शाळेला चालतो हे पालकांना माहीत आहे का, आणि नुकतीच नोकरी सोडून गेलेल्या एखाद्या भारतीय किंवा फिलिपिनो शिक्षिकेशी बोलता येईल का. शेवटच्या प्रश्नावर बरेचजण गप्प होतात. उत्तर आलं तर मला पाठव, थाई पानासकट. माझ्या शाळेतल्या लेखापाल बाई वाचून देतात, बदल्यात त्यांना आपला लसूण शेव लागतो. तो आजीकडून घेऊन ठेव.