टायर आत जाईनात, रंग पांढरा पडला: स्ट्रीट मशीन बांधणाऱ्यांचे प्रश्न

या वेळी बरेच प्रश्न एकाच विषयावर आलेत, गाडीचं प्लास्टिक किट घ्यायचं आणि डब्यावरच्या चित्रासारखं न बांधता त्याची स्ट्रीट मशीन करायची. ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सत्तरच्या दशकात अमेरिकेत पोरांनी कॅमारो, नोव्हा, चेव्हेल अशा सेकंडहँड मसल कार, म्हणजे दणकट इंजिनाच्या दोन दारी गाड्या, घेऊन त्यांना मोठं इंजिन, जाड टायर, झगझगीत रंग असं सगळं चढवलं, पण नंबर प्लेट तशीच ठेवून, रोज रस्त्यावर फिरवायला. ती स्ट्रीट मशीन. आणि किटमध्ये फेरफार करणं म्हणजे काही पाप नाही, एएमटी या अमेरिकन किट कंपनीने १९५८ सालीच एका डब्यात स्टॉक (कारखान्यातून निघते तशी), कस्टम आणि रेसिंग असे तिन्ही प्रकारचे पार्ट द्यायला सुरुवात केली होती.

प्रश्न (कोल्हापूर): १/२५ स्केलचं, म्हणजे खऱ्या गाडीच्या पंचविसाव्या भागाचं, १९६९ कॅमारोचं किट आणलंय, पहिलंच आहे. सुरुवात इंजिनपासून करू की बॉडीपासून?

दोन्ही नको, आधी साल ठरवा. गाडीचं साल नाही हो, ते ६९ आहेच, ती गाडी कोणत्या साली रस्त्यावर उभी आहे असं तुम्हाला दाखवायचंय ते साल. कारण १९७५ची स्ट्रीट मशीन आणि १९८५ची स्ट्रीट मशीन यांत खूप फरक आहे. ७५च्या गाडीचा मागचा भाग उचललेला असतो, लांब शॅकल (स्प्रिंगचं टोक टांगणारी पट्टी) आणि हवा भरायचे एअर शॉक लावून, पुढून नाक खाली, क्रेगर एसएसची पाच स्पोकची क्रोम व्हील्स, दाराखालून जाणारे साइड पाइप, मागच्या स्प्रिंगखाली ट्रॅक्शन बार, म्हणजे जोरात निघताना स्प्रिंग पिळू न देणारे दांडे. ८५ची गाडी प्रो स्ट्रीट वळणाची, म्हणजे सगळी जमिनीला टेकलेली, मागे ड्रॅग रेसिंगचे अवाढव्य टायर आणि ते मडगार्डच्या पूर्ण आत गेलेले. १९७७ला इंडियानापोलिसला स्ट्रीट मशीन नॅशनल्स भरायला लागलं, तिथून या गाड्यांना देशभर नाव झालं, आणि सत्तरचं दशक संपता संपता स्कॉट सलिव्हनच्या ६७ नोव्हासारख्या गाड्या आल्या आणि प्रो स्ट्रीटची लाट सुरू झाली. हे दोन काळ एकाच मॉडेलवर आले की काहीतरी चुकलंय हे बघणाऱ्याला लगेच कळतं, कारण सांगता येत नाही पण कळतं.

साल ठरलं की बॉडी, चॅसिस आणि चार चाकं नुसत्या मास्किंग टेपने आणि ब्लू टॅकने जोडून टेबलावर ठेवा, डोळे गाडीच्या उंचीवर आणा आणि बघा. गाडी कशी उभी राहते, म्हणजे आपण ज्याला स्टान्स म्हणतो, ते इथेच ठरतं आणि माझ्या मते निम्मं मॉडेल तेवढंच असतं. एक हिशोब लक्षात ठेवा, १/२५ मध्ये खऱ्या गाडीचा एक इंच म्हणजे मॉडेलवर जवळजवळ एक मिलीमीटर. मागून गाडी चार इंच उचलायची तर मॉडेल चार मिलीमीटर उचला, दहा नको.

प्रश्न (पुणे): मागे जाड टायर लावलेत तर बॉडी खाली बसतच नाही, टायर बाहेर काढले तर मडगार्डच्या बाहेर दिसतात. मडगार्ड कापू का?

मडगार्डला अजिबात हात लावू नका! खऱ्या गाडीत जे करतात तेच करायचं, अॅक्सल अरुंद करायचा आणि आत टब, म्हणजे टायर मावेल अशा चाकावरच्या मोठ्या कमानी, बसवायचे. आकडे बघा म्हणजे लक्षात येईल. ६९ कॅमारोची रुंदी ७४ इंच, म्हणजे मॉडेलवर साधारण ७५ मिलीमीटर. १८ इंची टायर म्हणजे १८ मिलीमीटर, दोन मिळून ३६. दोन्ही बाजूंना प्लास्टिकची जाडी आणि थोडी मोकळी जागा सोडली तर दोन टायरच्या मध्ये ३४-३५ मिलीमीटर उरतात, त्यात अॅक्सल आणि चॅसिसचे दोन्ही रेल (लांब दांडे) बसवायचे. म्हणून किटचा रेल तिथे कापून आत सरकवावाच लागतो, त्याला पर्याय नाही.

अॅक्सलच्या मधला डिफरन्शियलचा गोळा तसाच ठेवा आणि दोन्ही बाजूंच्या नळ्यांतून सारखं माप कापा. मग दोन्ही तुकड्यांना पिन व्हाइसने (हाताने फिरवायचं बारीक ड्रिल) एक मिलीमीटरचं भोक पाडून आत पितळेची तार घाला आणि अॅरल्डाइटने जोडा, नुसत्या फेविक्विकवर हा जोड टिकत नाही, एकदा गाडी हातातून सटकली की तुटलाच.

आता टब. बरेच जण पाण्याच्या बाटलीचं झाकण वापरायला जातात, ते करू नका, ते झाकण पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रोपिलीनचं असतं, त्याला किटचा ग्लू चिकटत नाही आणि रंगही सोलून निघतो. अर्धा मिलीमीटर जाडीची स्टायरिन शीट घ्या, टायरपेक्षा दोन-तीन मिलीमीटर रुंद पट्टी कापा, ३२ मिलीमीटरच्या पीव्हीसी पाइपवर घट्ट गुंडाळून टेप लावा आणि उकळतं पाणी वरून ओता, लगेच गार पाण्यात बुडवा. टेप काढली की पट्टी जराशी उलगडते आणि थांबते, आतून ३४च्या आसपास गोलाई मिळते, ३० मिलीमीटरच्या टायरला वरून दोन मिलीमीटर मोकळे राहतात. मग आतल्या बाजूला शीटचाच अर्धगोल लावून बंद करा. शीट नसेल तर पांढरे डिस्पोजेबल ग्लास बघा, तळाला त्रिकोणात ६ आकडा असेल तर ते पॉलिस्टायरिन, चालतं.

टब आले की मागची सीट जाते, तिथे सपाट पत्रा दाखवा. पेट्रोलची टाकीपण जाते, तिच्या जागी डिकीत चौकोनी फ्युएल सेल, म्हणजे रेसिंगची छोटी टाकी. आणि लीफ स्प्रिंगला जागा राहत नाही म्हणून लॅडर बार (अॅक्सल धरणारे शिडीसारखे दांडे) आणि कॉइल स्प्रिंग. हे सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे, एक बदललं की बाकीचं ओघाने येतंच, मला या कामात सगळ्यात मजा याच गोष्टीची वाटते.

प्रश्न (रत्नागिरी): लाल रंगावर क्लिअर लॅकर मारलं आणि सगळी गाडी पांढरट झाली. रंग खराब होता का?

नाही, हवा खराब होती. लॅकरमधलं थिनर भराभर उडतं, त्याने पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं पाणी ओल्या रंगावर जमतं, त्याला ब्लशिंग म्हणतात. जुलैत कोकणात आर्द्रता ८५-९० टक्के असताना हे होणारच. घासून काढू नका, आठवडाभर राहू द्या आणि कोरड्या दिवशी दुपारी रिटार्डर (सुकणं लांबवणारं द्रव) घातलेलं थिनर एअरब्रशने अगदी विरळ, लांबून मारा. थर पुन्हा ओला होतो, आतलं पाणी निघून जातं आणि बहुतेक वेळा खालचा लाल परत दिसतो. पण हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर उघड्या प्लास्टिकवर लावू नका, ते पॉलिस्टायरिन खातं. एअरब्रशच्या नळीला पाणी अडवणारा ट्रॅप आहे का तेपण बघा.

माझं वेळापत्रक सरळ आहे, पावसाळ्यात कापाकापी, पुटी, पॉलिशपेपर, आणि रंग नवरात्र उलटल्यावर. पुटी दोन भाग मिसळायची घ्या, गॅरेजवाले वापरतात तीच, ट्यूबमधली एक भागाची पुटी सुकताना आकसते आणि महिन्याभराने रंगातून खड्डा वर येतो. फवारताना खिडकी उघडी आणि तोंडाला व्हेपर फिल्टरचा मास्क, कापडी मास्क थिनरची वाफ अडवत नाही.

कॅंडी, म्हणजे खालची चमक आतून दिसणाऱ्या रंगाचंही विचारलंय तर खाली चंदेरी आणि वर पारदर्शक लाल, पातळ पातळ थर. चमकी घालताना स्केल विसरू नका, ०.२ मिलीमीटरचा कण मॉडेलवर पाच मिलीमीटरचा दिसतो.

प्रश्न (नाशिक): बॉनेटमधून ब्लोअर (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप) बाहेर काढायचाय, भोक सरळ कापता येत नाही.

कापू नका, टोचा. आतून टेप लावून आखा, रेषेच्या आतल्या बाजूने एक मिलीमीटरची भोकं पाडत जा, मधलं प्लास्टिक काढा आणि कानसने रेषेपर्यंत या. ब्लोअरभोवती एक मिलीमीटर फट ठेवा, खरं इंजिन हलतं. ६-७१ ब्लोअर मुळात जीएमसीच्या डिझेल इंजिनाचा, सहा सिलिंडर आणि प्रत्येकी ७१ घन इंच म्हणून ते नाव, त्यामुळे तो बोजड दिसायलाच हवा. त्याची पुली आणि खाली क्रँकची पुली एका रेषेत आहे का ते चिकटवण्याआधी तपासा, पट्टा तिरका गेला की सगळं खोटं वाटतं.

प्रश्न (न्यू जर्सी): प्लगच्या वायरी लावायच्या आहेत. कोणती वायर आणि कोणत्या क्रमाने?

खरी वायर सात-आठ मिलीमीटर जाड, म्हणजे मॉडेलवर ०.३. भारतातल्या वाचकांनी मोटर वाइंडिंगवाल्याकडून ३० गेजची तांब्याची तार आणावी, अगदी बरोब्बर बसते, तुम्हाला तिकडे दुकानात तयार मिळेल. शेव्हीच्या (शेव्हरोलेच्या) व्ही-८ला डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगना ठिणगी वाटणारा भाग, मागे, फायरवॉलला लागून. ड्रायव्हरच्या बाजूला पुढून मागे १-३-५-७, दुसऱ्या बाजूला २-४-६-८, फायरिंग ऑर्डर १-८-४-३-६-५-७-२, आणि रोटर घड्याळाच्या दिशेने फिरतो. साधा डिस्ट्रिब्युटर असेल तर आठ वायरी आणि मधून इग्निशन कॉइलला जाणारी नववी. १९७५पासून जीएमने (शेव्हरोलेची मूळ कंपनी) जो मोठ्या टोपीचा एचईआय डिस्ट्रिब्युटर दिला त्यात कॉइल टोपीतच असतं, तिथे नववी वायर लावू नका, जाणकार सगळ्यात आधी तेच बघतो.

प्रश्न (नागपूर): जुनं अर्धवट किट माळ्यावरून काढलं तर टायरांनी व्हील्स आणि पुढची काच वितळवलीय. असं कसं झालं?

जुन्या व्हिनाइल टायरमधलं प्लास्टिसायझर (व्हिनाइल मऊ ठेवणारं तेलकट रसायन) बाहेर येतं आणि पॉलिस्टायरिन मऊ करतं, माळ्यावरच्या उन्हाळ्यात ते आणखी लवकर होतं. काचेवरचा खड्डा उथळ असेल तर १५०० नंबरच्या वॉटर पेपरपासून चढत जाऊन पॉलिश करा, खोल असेल तर पातळ पारदर्शक शीट कापून नवी काच करा आणि ती फेविकॉलने चिकटवा, फेविक्विकने काच धुरकट होते. व्हील्सचं क्रोम क्लोरीनच्या ब्लीचमध्ये बुडवून काढा, हातमोजे घालून, मग खड्डा भरून वर लिक्विड क्रोमचा पेन. नव्याने टायर चढवण्याआधी रिमच्या कडेला अॅल्युमिनियम फॉइलची पट्टी गुंडाळा, टायरचा प्लास्टिकला स्पर्श होत नाही. आणि काम अर्धवट ठेवणार असाल तर टायर वेगळ्या झिपच्या पिशवीत घालून डब्याबाहेर ठेवा.