अकरा हजारांची वाढ आणि एकोणचाळीस दिवस

ताई, तुमचं पत्र थोडक्यात असं. डॅलसच्या उत्तरेकडच्या उपनगरात तुम्ही नऊ वर्षं मिडल स्कूलला सायन्स शिकवताय, पगार वर्षाला ६७,००० डॉलर. आता स्कूल डिस्ट्रिक्ट तुम्हाला इन्स्ट्रक्शनल कोऑर्डिनेटर (अभ्यासक्रम आखणारं, शिक्षकांना मार्गदर्शन करणारं पद) करायला तयार आहे, ७८,००० वर. तुम्ही ४४ वर्षांच्या, मुलगी सात वर्षांची, मिस्टर आयटीत. वर्ग सोडून ही जागा घ्यावी का आणि त्यासाठी १६,००० चं कर्ज काढून एम.एड. करावं का, हे दोन प्रश्न.

आकडा वाईट नाही. मे २०२४ मध्ये अमेरिकेत या पदाचा मध्यक पगार ७४,७२० डॉलर होता, म्हणजे निम्म्या लोकांना याहून कमीच मिळत होतं. पण ऑफर लेटरमध्ये एक ओळ आहे, जिच्याबद्दल तुम्ही पत्रात चकार शब्द काढलेला नाही: वर्षाला कामाचे २२६ दिवस. शिक्षक म्हणून तुमचं कॉन्ट्रॅक्ट १८७ दिवसांचं आहे. वाढलेले ३९ दिवस कुठून येणार? बहुतेक जून-जुलैमधूनच.

दुसरं म्हणजे, वाढ ११,००० ची नाहीच. टेक्सासच्या २०२५ च्या हाउस बिल २ या कायद्यामुळे, पाच हजारांहून जास्त विद्यार्थी असलेल्या डिस्ट्रिक्टमध्ये पाच किंवा त्याहून अधिक वर्षांच्या अनुभवाच्या शिक्षकाला वर्षाला ५,००० डॉलर वेगळे मिळतात. ते तुम्ही ६७,००० मध्ये धरलेले नाहीत. हे पैसे वर्गात शिकवणाऱ्यांसाठी आहेत. कोऑर्डिनेटर झालात की बंद. म्हणजे आजचा खरा पगार ७२,००० आणि वाढ ६,००० ची.

आता दिवसाचा भाव काढू. आज ७२,००० भागिले १८७, म्हणजे ३८५ डॉलर. नव्या जागेवर ७८,००० भागिले २२६, म्हणजे ३४५. पद वाढलं, रोज कमी झाला! त्या ६,००० मधून पेन्शनची ८.२५ टक्के कपात, मेडिकेअरचा (ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याचा) कर आणि तुमच्या घराला लागणारा २२ टक्क्यांचा फेडरल टॅक्स गेला की हातात साधारण ४,२०० उरतात. (टेक्सासात स्टेट इन्कम टॅक्स नाही, तेवढंच बरं.) मुलीचा समर कॅम्प तुम्हीच लिहिलाय, आठवड्याला २८०. आठ आठवड्यांचे झाले २,२४०. राहिले दोन हजारांच्या आत. आणि उन्हाळ्यातली सांगलीची सहा आठवड्यांची फेरी डिसेंबरमध्ये दोन आठवड्यांवर आली, तर ख्रिसमसच्या दिवसांतली तिकिटं तेही गिळतील. तुमच्या आईचं वय तुम्ही लिहिलेलं नाही, पण मी ते मनात धरलंय.

तरीही मी सरळ नाही म्हणत नाही, ते पेन्शनमुळे. टीआरएसचं, म्हणजे टेक्सासच्या शिक्षक पेन्शन योजनेचं, सूत्र सोपं आहे: सेवेची वर्षं गुणिले २.३ टक्के गुणिले सर्वाधिक पगाराच्या पाच वर्षांची सरासरी. बासष्टीपर्यंत नोकरी केलीत तर सेवा २७ वर्षांची होईल. पगारातला ६,००० चा फरक तेव्हा वर्षाला सुमारे ३,७०० डॉलर जास्त पेन्शन देईल, आणि तीही तहहयात. महागाईप्रमाणे ती आपोआप वाढत नाही, हे लक्षात ठेवा, पण रक्कम दुर्लक्ष करण्यासारखी नक्कीच नाही.

मात्र सूत्र पुन्हा वाचा. पाचच वर्षं मोजली जातात. म्हणजे ही जागा चव्वेचाळिसाव्या वर्षी घेतली काय आणि पंचावन्नाव्या वर्षी घेतली काय, पेन्शनला फरक पडत नाही. तेव्हा मुलगी कॉलेजच्या उंबरठ्यावर असेल आणि कॅम्पचा खर्च उरणार नाही. तोवर अशी जागा पुन्हा निघेलच असं नाही, ही जोखीम आहे. पण या जागांवरच डोळा असतो बजेट कापणाऱ्यांचा. कोविडकाळातला केंद्राचा निधी सप्टेंबर २०२४ मध्ये संपला, तेव्हा त्यावर उभी राहिलेली अशी पदं अडचणीत आली. वर्गाला शिक्षक लागतोच.

म्हणून एचआरला तीन गोष्टी लेखी विचारा. दिवस २०७ पर्यंत उतरतील का? तसं झालं तर रोज ३७७ वर येतो आणि उन्हाळा निम्मा तरी वाचतो. मग मी हो म्हणेन. हे पद शिक्षकासारख्याच चॅप्टर २१ कॉन्ट्रॅक्टवर (टेक्सासच्या शिक्षण कायद्याचं संरक्षण असलेल्या करारावर) आहे की केव्हाही काढता येईल असं? आणि तिसरं, तुमची शिवाजी विद्यापीठाची एम.एस्सी. मास्टर्स म्हणून चालते का? टीचिंग सर्टिफिकेटच्या वेळी तुम्ही तिचं मूल्यांकन करून घेतलेलंच आहे, ते कागद जोडा. याचं उत्तर येईपर्यंत एम.एड.च्या कर्जावर सही करू नका. हातात वर्षाला दोन हजारसुद्धा उरत नाहीत, तिथे १६,००० फेडायला व्याज सोडून आठ वर्षं लागतील.

२२६ दिवस आणि ७८,००० यावर ते अडून बसले, तर यंदा वर्गातच राहा.

जाता जाता, महाराष्ट्र मंडळात कुणीतरी सांगितलं ना, की टीआरएस घेतलीत तर मिस्टरांच्या सोशल सिक्युरिटीवरचा (केंद्र सरकारच्या पेन्शनवरचा) तुमचा वाटा बुडतो? तो नियम जानेवारी २०२५ मध्ये रद्द झाला. ती काळजी यादीतून काढून टाका.