मुलं बघून बघून सगळं उचलतात, मग मोठ्यांना नुसतं बघून का जमत नाही?

तुम्ही विचारलंय की तुमची ४ वर्षांची मुलगी सांगितलेलं ऐकत नाही पण केलेलं सगळं उचलते, आणि तुम्ही स्वतः मात्र यूट्यूबवर भाकरीचे इतके व्हिडिओ बघूनही ती तव्यावर टाकताना मोडतेच, तर हा काय प्रकार आहे. बीएडला आम्हाला बालमानसशास्त्र होतं आणि नंतर बरीच वर्षं लहान मुलांच्या वर्गावर काढलीत, त्यावरून सांगते.

पहिलं म्हणजे मुलगी "ऐकत नाही" हे तितकंसं खरं नाही. अल्बर्ट बँड्युरा म्हणून मोठे मानसशास्त्रज्ञ होऊन गेले, अमेरिकेतल्या स्टॅनफर्डला होते, २०२१ मध्ये वारले. त्यांनी १९६१ साली तिथल्याच नर्सरीतली ७२ मुलं घेतली. काही मुलांसमोर एका मोठ्या माणसाने हवा भरलेल्या बाहुल्याला, तो पाडला की परत उभा राहतो ना तसला, हातोडीने बडवला, लाथा घातल्या, तोंडाने काहीबाही बोलला. नंतर त्या मुलांना त्याच बाहुल्यासोबत सोडलं तर त्यातल्या बऱ्याच जणांनी तेच केलं, अगदी तेच शब्दसुद्धा. हा प्रयोग सगळ्यांना माहीत असतो पण मला १९६५ चा जास्त महत्त्वाचा वाटतो आणि त्याबद्दल कोणी फार बोलत नाही. त्यात मुलांना फिल्म दाखवली, बडवणारा माणूस तोच पण शेवट तीन वेगवेगळे, एकात त्याला खाऊ आणि शाबासकी, एकात ओरडा आणि मार, एकात काहीच नाही. मार खाल्लेला बघितलेल्या मुलांनी नक्कल कमी केली. मग त्यांना सांगितलं की त्याने काय काय केलं ते करून दाखवा, प्रत्येक गोष्टीला स्टिकर आणि ज्यूस मिळेल, तर तिन्ही गटांतल्या मुलांनी सारखंच करून दाखवलं! म्हणजे शिकली सगळीच होती, काहींनी फक्त बाहेर काढलं नव्हतं. त्यामुळे मुलगी आज एखादी गोष्ट करत नाही म्हणजे तिने ती टिपली नाही असं धरून चालू नका, चांगलंही आणि नवराबायकोची भांडणं वगैरेही, सगळं आत जमा होतं.

आणि मुलं टिपतात ती कामाचं-बिनकामाचं असं निवडत बसत नाहीत. माझी भाची ३ वर्षांची असताना आमचे अण्णा पेपर वाचताना बोटाला थुंकी लावून पान उलटायचे, तर ही बया मोबाईलवर फोटो सरकवायच्या आधी बोट जिभेला लावायची, दर फोटोला. हसून हसून पुरेवाट. पण यावर खरंच संशोधन झालंय, २००५ साली हॉर्नर आणि व्हायटन यांनी एका पेटीतून खाऊ कसा काढायचा ते चिंपांझींना आणि ३-४ वर्षांच्या मुलांना दाखवलं, त्यात वरच्या भोकात काठी खुपसायची ही एक पायरी उगाचच घातली होती. पेटी पारदर्शक केल्यावर, म्हणजे काठीचा काही उपयोग नाही हे दिसल्यावर, चिंपांझींनी ती पायरी सोडून सरळ खाऊ काढला, मुलं मात्र काठी खुपसतच राहिली. ऐकायला मुलं ढ वाटतात, पण माझं मत उलटं आहे, मोठा माणूस करतोय म्हणजे काहीतरी कारण असणारच हा भरवसा नसता तर नमस्कार करणं, ताटात काय कुठे वाढायचं, हे असलं काही पुढच्या पिढीत गेलंच नसतं.

आता तुमची भाकरी. मोठ्यांचा प्रॉब्लेम असा की बघितलं की आपल्याला वाटतं आलं. कार्डास आणि ओब्रायन यांचा २०१८ चा अभ्यास आहे, लोकांना एकच व्हिडिओ पुन्हा पुन्हा दाखवला, डिशेस न पाडता टेबलक्लॉथ ओढणं, डार्ट्स, मूनवॉक (पुढे चालल्यासारखं दाखवत मागे सरकण्याचा नाच) असलं काहीतरी, जितक्या जास्त वेळा बघितलं तितका आपल्याला जमेल हा कॉन्फिडन्स वाढला, प्रत्यक्ष डार्ट्स किंवा मूनवॉक करायला गेल्यावर मात्र काही फरक नाही. पायऱ्या दिसतात हो, पण हाताला काय लागतं ते स्क्रीनवर कुठे दिसणार? आणि जे दिसतं त्यातलंही, पीठ किती मळल्यावर गोळ्याला चिरा पडायच्या थांबतात, थापताना जोर मधे न देता कडेला द्यायचा आणि त्यानेच भाकरी परातीत आपोआप फिरते, तव्यावर टाकल्यावर वरून फिरवलेलं पाणी पूर्ण सुकायच्या आत उलटायची, हे व्हिडिओत असतं पण डोळा तिथे जात नाही.

त्याच अभ्यासात जगलिंगचा, म्हणजे वस्तू आळीपाळीने उडवून झेलण्याचा, व्हिडिओ बघितलेल्या लोकांच्या हातात झेलायच्या त्या बॉलिंगच्या पिन्स नुसत्या दिल्या तरी फाजील कॉन्फिडन्स उतरला. म्हणून पुढच्या वेळी आधी एक भाकरी थापा, मोडली तर मोडू दे, आणि मग लगेच व्हिडिओ लावून फक्त व्हिडिओतल्या बाईच्या हाताच्या कडेकडे बघा. घरात कोणाला भाकरी येत असेल तर सरळ शेजारी उभे राहून अर्धी त्यांनी अर्धी तुम्ही असं थापा, ते सगळ्यात लवकर जमतं. आणि मुलीलाही एक छोटा गोळा द्या, ती तशीही तिथेच घुटमळत असणार.